मयत कोण?

मार्च २०२५ मध्ये विरार पूर्वेला, मांडवी परिसरातल्या पीरकुंडा दर्ग्याजवळ, टाकून दिलेल्या एका सुटकेसमध्ये एका स्त्रीचं शिर सापडलं. धडाचा पत्ता नव्हता. बरेच दिवस उलटून गेल्यामुळे चेहरा बघून कुणी ओळखील अशी स्थिती राहिलेली नव्हती. पण तिथे सराफाकडे दागिन्यांबरोबर मिळतं तसलं एक छोटं पाकीट होतं आणि त्यावर पश्चिम बंगालमधल्या दुकानाचं नाव होतं. पोलीस त्या दुकानापर्यंत पोहोचले, दुकानाकडून गिऱ्हाइकापर्यंत, गिऱ्हाइकाकडून घरापर्यंत. लगेचच तिच्या पतीला अटक झाली.

जुलै २०२१ मध्ये वसईजवळ भुईगावच्या किनाऱ्यावर सुटकेसमध्ये शिर नसलेला स्त्रीदेह मिळाला, त्या वेळी असा कुठलाही कागद हाती नव्हता. तपास जागच्या जागी थांबला. मुलीशी बोलणं होत नाही म्हणून अस्वस्थ झालेले कर्नाटकातले नातेवाईक शोध घेत वसईपर्यंत आले, डीएनए जुळला आणि मग पतीला अटक झाली. मधे वर्षाहून जास्त काळ गेला होता.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की खुनाच्या तपासाबद्दलची एक गोष्ट स्वच्छ दिसते. आपण वाचक म्हणून 'मारेकरी कोण?' असं विचारतो. पोलीस ठाण्यात आधी विचारलं जातं, 'मयत कोण?' या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात: शेवटचं कुणी पाहिलं, भांडण कुणाशी होतं, कुणाचं देणं होतं, फोन कुठे बंद झाला. बहुतेक खुनांत मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखत असतात. म्हणून तर मारणारा चेहरा नष्ट करतो, शिर वेगळं करतो, देह हद्दीबाहेर नेऊन टाकतो. वसई-विरारचा भूगोल त्याच्या सोयीचा आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला किनारा, पूर्वेला तुंगारेश्वरचं जंगल आणि मधून रात्रभर वाहणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. त्यात वस्तीही अशी, की अर्ध्याहून अधिक माणसं कुठून तरी आलेली. भाड्याच्या खोलीत राहणारी. शेजाऱ्याला आडनाव माहीत नसणारी.

या प्रकरणात आपण जाणार आहोत ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये, कारण न उलगडलेल्या खूनमालिकांचा विषय निघाला की जगभर पहिलं नाव तिथलंच घेतलं जातं. पण मी तुम्हाला 'जॅक द रिपर' कोण होता हे सांगणार नाही. १३५ वर्षांहून जास्त काळ शेकडो पुस्तकांनी तेवढंच केलं आहे. मला बघायचं आहे ते वेगळं: मेलेल्या बायकांची नावं पोलिसांना कशी कळली, कुणाची कळली नाहीत आणि त्याने काय फरक पडला.

१८८८ साली पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पोलिसांच्या अंदाजानुसार २३३ लॉजिंग हाऊस होती आणि त्यांत सुमारे ८,५०० माणसं रात्र काढत होती. चार पेनीला एक खाट, तीही एका रात्रीपुरती. पैसे नसले तर रस्ता. ३१ ऑगस्टच्या पहाटे बक्स रो नावाच्या गल्लीत मेरी अ‍ॅन निकोल्स मृतावस्थेत सापडली, ती याच कारणाने बाहेर होती. तिच्याजवळ खाटेचे पैसे नव्हते. शवागारात तिचे कपडे तपासताना परकरावर लॅम्बेथ वर्कहाऊसचा शिक्का दिसला. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना काम करवून पोसणारी सरकारी संस्था; कपडे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांवर शिक्के असत. त्या शिक्क्यावरून तिथली एक बाई शवागारात आली आणि तिने चेहरा ओळखला. दुसऱ्या दिवशी वेगळा राहणारा नवरा आला. एका परकराने चोवीस तासांत नाव दिलं.

८ सप्टेंबरला अ‍ॅनी चॅपमन. ३० सप्टेंबरच्या एकाच रात्री एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरिन एडोज. ९ नोव्हेंबरला मेरी जेन केली. बहुतेक अभ्यासक या पाच खुनांमागे एकच हात मानतात. पोलिसांच्या 'व्हाइटचॅपल मर्डर्स' या दप्तरात मात्र एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळातले अकरा खून आहेत.

यातल्या कॅथरिन एडोजची हकीकत मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी ती दारूच्या नशेत रस्त्यात पडली होती. पोलिसांनी उचलून बिशप्सगेट ठाण्यात नेली. नाव विचारल्यावर तिने उत्तर दिलं, 'काही नाही.' रात्री एकच्या सुमारास नशा उतरल्यावर तिला सोडलं, तेव्हा तिने सांगितलेलं नाव होतं मेरी अ‍ॅन केली, तेही खोटं. पाऊण तासाने माइटर स्क्वेअरमध्ये गस्तीच्या शिपायाला तिचा देह मिळाला. जिवंत असताना पोलिसांच्या कोठडीत कित्येक तास बसलेली बाई, आणि मेल्यावर तिचं नाव त्याच पोलिसांना ठाऊक नाही. तिच्याजवळ मोहरीच्या पुडीचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात गहाणवटीच्या दुकानाच्या दोन पावत्या. पावत्यांवरची नावंही तिची नव्हती. तरी वर्तमानपत्रांत त्या पावत्यांचा मजकूर छापून आला आणि तिच्याबरोबर राहणारा जॉन केली वाचून चमकला. एक पावती त्याच्याच बुटांची होती. खायला पैसे नव्हते म्हणून बूट गहाण पडले होते. २ ऑक्टोबरला तो पोलिसांकडे आला.

विरारचं सराफाचं पाकीट आणि लंडनची गहाणवटीची पावती यांत १३७ वर्षांचं अंतर आहे, पण तपासाची रीत तीच: माणसाने कुठे तरी व्यवहार केलेला असतो आणि त्या व्यवहाराचा कागद मागे उरतो.

ओळख चुकतेही. एलिझाबेथ स्ट्राइडच्या वेळी एका बाईने शवागारात येऊन ही आपली बहीण आहे असं शपथेवर सांगितलं. खरी बहीण जिवंत निघाली आणि तिने स्वतः येऊन ते खोडून काढलं. स्ट्राइड मूळची स्वीडनची, गोथेनबर्गजवळच्या खेड्यात जन्मलेली. तिला ओळखणारं रक्ताचं माणूस लंडनमध्ये असण्याची शक्यता फार कमी होती. आपल्याकडे बाहेरगावहून आलेल्या बाईचा देह सापडतो तेव्हा हीच अडचण येते.

नावं कळूनही मारेकरी का सापडला नाही? इथे नेहमीची रीत उलटते. नवरा, प्रियकर, घरमालक, सावकार अशा ओळखीच्या माणसांची चौकशी झाली आणि सगळे निर्दोष निघाले. मारणाऱ्याचा मरणाऱ्याशी संबंधच नसेल तर नाव कळल्यावर मिळणारे सगळे धागे तुटतात. मग उरतात ते घटनास्थळावरचे पुरावे, आणि ते वाचण्याची विद्या १८८८ साली फारच तोकडी होती. बोटांचे ठसे वापरात नव्हते. रक्त माणसाचं की जनावराचं हे खात्रीने सांगता येत नव्हतं. फोटो मुख्यतः शवागारात काढले जात. घटनास्थळी कॅमेरा गेला तो केलीच्या खोलीत.

त्यावर हद्दीचा घोळ. एडोजचा खून 'सिटी ऑफ लंडन' पोलिसांच्या हद्दीत झाला. तिच्या एप्रनचा कापलेला रक्ताळलेला तुकडा मिळाला गोल्स्टन स्ट्रीटवर, म्हणजे मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या हद्दीत. तुकड्याच्या वर भिंतीवर खडूने काही लिहिलेलं होतं. सिटीच्या अधिकाऱ्यांना त्याचा फोटो हवा होता. मेट्रोपॉलिटनचे आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांना भीती वाटली की त्यातल्या ज्यूंच्या उल्लेखावरून दंगल पेटेल, आणि उजाडण्याआधी त्यांनी ते पुसायला लावलं. दंगलीची भीती खरी होती, हे मी मान्य करतो. पण फोटो निघेपर्यंत कापड टाकून ते झाकता आलं असतं, तशी सूचना तेव्हा झालीही होती. वसईच्या वाचकाला या घोळाचं नवल वाटू नये. २०२० पर्यंत खाडीच्या दक्षिणेचं भाईंदर ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होतं आणि उत्तरेची वसई पालघर पोलिसांकडे. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि खाडीचे दोन्ही काठ एका अधिकाराखाली आले.

वॉरन यांच्या भोवतालची माणसं बघितली तर हिंदुस्थान फार दूर नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्याशी पटेना म्हणून राजीनामा दिलेले जेम्स मन्रो पूर्वी बंगालमध्ये पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल होते. १८९४ साली ज्यांनी तीन संशयितांची नावं टिपणात लिहून ठेवली ते मेल्व्हिल मॅक्नॉटन बंगालमध्ये वडिलांच्या जमिनी सांभाळत होते. तिथल्या रयतेने त्यांना एकदा मारहाण केली होती, आणि वॉरन यांनी त्यांची नेमणूक अडवताना तेच कारण पुढे केलं होतं.

आता त्याच शहरातली, त्याच वर्षांतली दुसरी मालिका. तिच्याबद्दल फार कमी लोकांनी ऐकलं आहे, आणि वसई-विरारच्या दृष्टीने मला ती अधिक जवळची वाटते.

मे १८८७ मध्ये टेम्सच्या काठी, रेनहॅम गावाजवळ, एक गाठोडं वाहत आलं. त्यात स्त्रीच्या धडाचा भाग होता. पुढच्या काही आठवड्यांत नदीतून आणि कालव्यातून बाकीचे अवयव मिळत गेले. शिर कधीच मिळालं नाही. सप्टेंबर १८८८ मध्ये, म्हणजे रिपरची दहशत ऐन भरात असताना, पिम्लिको भागात नदीकाठी एक हात सापडला. २ ऑक्टोबरला त्याच देहाचं धड मिळालं ते व्हाइटहॉलमध्ये एका बांधकामाच्या तळघरात. बांधकाम चालू होतं लंडन पोलिसांच्या नव्या मुख्यालयाचं. पोलिसांच्या स्वतःच्या इमारतीच्या पायात खून झालेल्या बाईचं धड ठेवून कुणी तरी निघून गेलं होतं, आणि ती बाई कोण हे आजवर कळलेलं नाही. १० सप्टेंबर १८८९ रोजी व्हाइटचॅपलजवळ पिंचिन स्ट्रीटवरच्या रेल्वेच्या कमानीखाली आणखी एक धड मिळालं. तिचंही नाव कळलं नाही.

या चौघींत एकीचं नाव मात्र कळलं. जून १८८९ मध्ये टेम्समधून तुकड्या-तुकड्यांनी मिळालेला देह एका गर्भवती तरुणीचा होता. शिर नव्हतंच. अवयव ज्यात गुंडाळले होते त्या कपड्यावर 'एल. ई. फिशर' असं नाव होतं, आणि पोलीस आधी त्या नावामागे धावले. पण गरिबाघरचे कपडे जुन्या बाजारातून येतात. नाव आधीच्या मालकिणीचं होतं. शेवटी मनगटावरच्या जुन्या व्रणाने उत्तर दिलं. चेल्सी भागातली एलिझाबेथ जॅक्सन. नाव कळल्याबरोबर तिच्या शेवटच्या दिवसांचा पट उभा राहिला: काम सुटलेलं, जोडीदार सोडून गेलेला, रात्री नदीकाठच्या बाकांवर. जोडीदार सापडला, पण त्या काळात तो दुसरीकडे होता हे सिद्ध झालं. मारेकरी मिळाला नाही, तरी तपास पुढे सरकला. उरलेल्या तिघींच्या बाबतीत त्याला सुरुवातही करता आली नाही.

रिपरचं नाव जगभर झालं आणि टेम्सच्या मारेकऱ्याचं झालं नाही. २७ सप्टेंबर १८८८ रोजी एका वृत्तसंस्थेला लाल शाईत लिहिलेलं पत्र आलं आणि त्याखाली 'जॅक द रिपर' अशी सही होती. ते पत्र एखाद्या पत्रकाराने रचलं असावं असा संशय वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनाच होता, आणि मलाही तेच पटतं. टोपणनावाने खपणारा मारेकरी वर्तमानपत्रांना मिळाला. नदीतल्या गाठोड्यांना ना मारेकऱ्याचं नाव होतं ना मरणारीचं. त्यांवर मथळा काय द्यायचा?

लंडनमध्ये हे घडत होतं त्या काळी वसई हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका. बीबीसीआय रेल्वेची विरार ते बॅकबे गाडी १२ एप्रिल १८६७ पासून धावत होती. मुंबई शहरात संशयास्पद मृत्यूची चौकशी लंडनप्रमाणे कॉरोनर करत असे. मुंबईतलं ते पद १९९९ पर्यंत टिकलं. खाडीपलीकडे पंचनाम्याचं राज्य. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १७४ खाली होत असे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९४ खाली होतो. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचांसमोर देहाची पाहणी, अंगावरच्या खुणा, कपडे, गोंदण. गोंदणाची नोंद मला फार मोलाची वाटते. आजीने हौसेने हातावर गोंदवून घेतलेलं नाव अनोळखी देहाचा पत्ता सांगतं.

ठशांची विद्या याच राजवटीत, पण बंगालमध्ये घडली. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर चाललेल्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली अधिकाऱ्यांचं गणित आहे, आणि त्यांचं श्रेय त्यांना फार उशिरा व अपुरं मिळालं याचा मला मनापासून राग येतो. १८९७ साली कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. त्याच वर्षी जलपाईगुडीच्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. पैशांची चोरी झाली होती, आणि मागे राहिलेल्या बंगाली पंचांगावर दोन तपकिरी डाग होते. त्यातला एक काढून टाकलेल्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. पूर्वीच्या शिक्षेमुळे त्याचे ठसे दप्तरात होते. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनासाठी दिली नाही. अंगठा तिथे होता एवढ्यावरून सुरीही त्याच हातात होती असं म्हणायला न्यायालय तयार नव्हतं. स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग आला १९०१ साली, रिपरनंतर तेरा वर्षांनी, आणि तो आणणारे हेन्रीच.

ठशांनी मुंबईला रमण राघवच्या वेळी मदत केली. १९६८ च्या पावसाळ्यात उत्तर मुंबईत झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेली माणसं मारली जात होती. २७ ऑगस्टला उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून एकाला रस्त्यात अडवलं आणि जुन्या दप्तरातल्या ठशांनी तो कोण हे सांगितलं. त्याने ४१ खुनांची कबुली दिली. त्यांतल्या कितीतरी जणांची नावं त्यालाही माहीत नव्हती.

पुढच्या मालिकेला असा शेवट लाभला नाही. १९८५ ते १९८७ या काळात सायन आणि किंग्ज सर्कलच्या आसपास पदपथावर एकट्या झोपलेल्या माणसांच्या डोक्यात मोठा दगड घालून किमान बारा जणांना मारलं गेलं. एक हॉटेलातला वेटर वाचला, पण अंधारात त्याला चेहरा दिसला नव्हता. १९८९ मध्ये कोलकात्यात त्याच पद्धतीने तेरा जण मारले गेले आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी 'स्टोनमॅन' हे नाव दिलं. दोन्ही शहरांतला मारेकरी एकच होता का, याचं उत्तर नाही. कोलकात्यात बातम्या वाचून कुणी नक्कल केली असावी असंही मानलं जातं. मुंबईत हे खून एका मालिकेतले आहेत हे लक्षात यायलाच वेळ लागला. मेलेले कचरा वेचणारे, भीक मागणारे, हमाली करणारे. कित्येकांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. ज्याच्यासाठी ठाण्याच्या पायरीवर कुणी रडत येत नाही, त्याचा मृत्यू सुटा राहतो, आणि सुट्या मृत्यूंची मालिका कुणी जोडत नाही. व्हाइटचॅपलमध्ये निदान शेजारणी शवागारात आल्या होत्या. सायनच्या पदपथावर तेवढंही नव्हतं.

ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २००७ मध्ये चर्चगेट-मरीन लाइन्स परिसरात सात जण मारले गेले. देहांजवळ बिअरचा डबा मिळाल्याने पुन्हा वर्तमानपत्री नाव आलं, 'बिअर मॅन'. एका आरोपीला एका खुनासाठी शिक्षा झाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याला निर्दोष ठरवलं, आणि खून पुन्हा बेवारस झाले.

राहिली मेरी जेन केली. रिपरच्या पाच जणींपैकी तीच घरात, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत मारली गेली. तिच्याबरोबर पूर्वी राहणारा जोसेफ बार्नेट याने डोळ्यांवरून तिला ओळखलं, आणि तिने त्याला सांगितलेली हकीकत चौकशीत सांगितली: जन्म आयर्लंडमधला लिमरिकचा, बालपण वेल्सचं, खाणीतल्या स्फोटात मेलेला डेव्हिस नावाचा नवरा. संशोधकांनी चर्चच्या वह्या, जनगणना, विवाहनोंदी पालथ्या घातल्या. या वर्णनाशी जुळणारी मेरी जेन केली कुठेही खात्रीने सापडलेली नाही. कदाचित ते नाव तिने लंडनमध्ये घेतलं असेल. २०१७ साली लेस्टर विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी तिचे अवशेष उकरून डीएनए तपासता येईल का, याचा अहवाल दिला. लेटनस्टोनच्या दफनभूमीत त्या जागेचा पुढे पुन्हा वापर झाला आहे. तिची नेमकी कबर ठरवायची तर आजूबाजूच्या अनेकांचे देह बाहेर काढावे लागतील, आणि तसं करू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता.